बासष्ट झरे

पायडल बोट : चार माणसं. कुत्रं असल्यास तीन माणसं आणि कुत्रं. कुत्र्यालाही जाकीट घालावं लागेल.

(बोटशेडवरची पाटी. अक्षर ताईचं.)

*

धक्क्यापासून दोनशे दहा वल्ही. अडीच वाव. पुढे पेन्सिलीने काढलेला एक छोटा पोकळ गोल.

*

शिंप्याने एकदा अण्णांना विचारलं, "तुमची डावी बाही दर वेळी काखेत उसवते, उजवी नव्यासारखी राहते. असं कसं?" अण्णा म्हणाले, "उजवीचं कापड चांगलं असेल."

*

मागच्या हंगामात सापडलेल्या वस्तू : चपला अकरा, त्यातल्या नऊ डाव्या. चष्मे चार. पोहण्याची टोपी, आत केसांची पिन. एक कवळी. कवळीसाठी कुणी आलं नाही.

*

आइसक्रीमवाल्याची घंटा दोन वर्षांपूर्वी तुटली. तेव्हापासून तो स्वतःच "टिंग टिंग" असं ओरडत काठावरून फिरतो. खप वाढला आहे.

*

रविवारी सकाळी सव्वासहाला ताईने तळाला टेकलेली दोरी वर ओढली, हात पसरून मोजली, पुन्हा सोडली. होडी वीस हात सरकवून पुन्हा. मग पुन्हा. तिन्ही वेळा पावणेदोन वाव.

*

आठ वाजता सगळं घर बोटशेडमध्ये जमलं, कारण दादाच्या गेस्टहाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या खोल्या भरलेल्या, व्हरांड्यात तलाव कमिटीची माणसं चहाचे कप घेऊन उभी, बाहेर पाहुण्यांचे ओले टॉवेल कठड्यावर. बोटशेडमध्ये निदान शांतता होती. वंगणाचा आणि न वाळलेल्या जाकिटांचा वास होता, बसायला उलटी घातलेली रंगाची डबडी होती, आणि अण्णांसाठी मुद्दाम आणलेली वेताची खुर्ची होती. अण्णा म्हणजे दादा-ताईंचे वडील, ऐंशी पार केलेले. इस्त्रीचा सदरा घालून ते खिडकीशी बसले होते आणि खिडकीतून दिसणाऱ्या वस्तूबद्दल त्यांनी अजून चकार शब्द काढला नव्हता.

ती वस्तू म्हणजे उडीचा तराफा. मोठ्या पिंपांवर फळ्या, फळ्यांवर दहा फूट उंच मचाण, मचाणाला लाल फीत. चार साखळ्या खाली सोडून तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यांना अडकवलेला. अकरा वाजता अण्णांचा सत्कार करायचा, फीत कापायची आणि पहिली उडी टिटवीने मारायची. टिटवी ही दादाची सतरा वर्षांची मुलगी. लहानपणी रडायला लागली की पलीकडच्या काठावर ऐकू जायचं, म्हणून टिटवी. आता ती रडत नाही. उडीच्या स्पर्धांत पहिली येते. हात पुढे, डोकं खाली, सुरी शिरावी तशी पाण्यात शिरते.

"दादा," ताई म्हणाली, "तराफा आज उघडू नकोस."

दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. चौपन्नाव्या वर्षी आयुष्यात दुसऱ्यांदा टाय बांधत होता, तोही आरशाशिवाय.

"काय म्हणालीस?"

"पाणी कमी आहे तिथं."

"यंदा दोन फूट उतरलंय, मला ठाऊक आहे. पंधरातून दोन गेले, तेरा राहिले. एवढ्या उंच मचाणाला बारा लागतं. एक फूट वरच आहे की."

"तेरा नाहीये. सव्वानऊ आहे. मी मोजलं."

"कधी?"

"आज. उजाडताना."

"तरीच!" धाकटा भाऊ म्हणाला. तो कोपऱ्यात उकिडवा बसून जीवरक्षक कड्याची दोरी गुंडाळत होता. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यानेच पोहायला शिकवलंय. "होडी जाताना दिसली मला. म्हटलं चोर असेल, आणि झोपलो परत."

दादा हसला नाही. "दोरी वाहिली असेल तुझी."

"दोरी वाहिली तर तिरकी होते. माप वाढतं, दादा. कमी होत नाही."

"मग शिसं दगडावर बसलं असेल."

"तीन ठिकाणी?"

दादाने टायची गाठ सोडली आणि पहिल्यापासून बांधायला घेतली. तो विचार करताना हाताला काम लागतं हे ताईला माहीत होतं. नंतर काय विचारणार तेही तिला माहीत होतं. सकाळपासून ती त्याच एका प्रश्नाला घाबरून होती. पाण्याच्या आकड्याला ती घाबरली नव्हती.

"म्हणजे अण्णांचं माप चुकलं, असं म्हणायचंय तुला?"

शेडमधली सगळी माणसं अण्णांकडे बघायला लागली. अण्णा तराफ्याकडे बघत होते.

*

भिंतीवर नकाशा होता. अण्णा नगरपालिकेच्या नावेवर मोजणीदार होते तेव्हाचा. छत्तीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी अख्खा तलाव मोजून काढला. यंत्रबिंत्र काही नाही, शिशाचा गोळा बांधलेली दोरी आणि स्वतःचे हात. गोळा तळाला टेकवायचा, दोरी वर ओढायची, हात पसरून वावावर मोजायची. वाव म्हणजे दोन्ही हात ताणून पसरले की एका टोकाच्या बोटापासून दुसऱ्या टोकाच्या बोटापर्यंत भरतं तेवढं. अण्णांचा वाव सहा फूट. हे गावात पोराटोरांना पाठ. कुणी जमिनीचा तुकडा घेतला की काठी आणायच्या ऐवजी अण्णांना बोलावायचे, असा एक काळ होता.

नकाशाच्या पूर्वेकडच्या भागात प्रत्येक आकड्यापुढे टिंब होतं. पश्चिमेकडच्या भागात टिंबाच्या जागी पोकळ गोल. बासष्ट गोल. त्यांचा अर्थ नकाशावर कुठेच लिहिलेला नव्हता.

तो अर्थ दादाने लावला. तेव्हा तो पंचवीस-सव्वीसचा असेल. गोल म्हणजे झरा. खाली झरा आहे, म्हणून पाणी हलतं, म्हणून गाळ बसत नाही, म्हणून तळ स्वच्छ. किती सरळ होतं ते. त्याने ते मित्रांना सांगितलं, मित्रांनी गावाला. गेस्टहाऊस बांधलं तेव्हा नाव दिलं 'बासष्ट झरे'. मग चहाच्या कपांवर बासष्ट झरे आले, टोप्यांवर आले, शाळेच्या मुलांनी बासष्ट झऱ्यांवर निबंध लिहिले. एका म्हाताऱ्या पाहुण्याची सांधेदुखी एकेचाळिसाव्या झऱ्यावर पाय सोडून बसल्याने गेली. तो दर वर्षी येतो.

गोल म्हणजे काय हे दोनच माणसांना माहीत होतं. ती दोघं त्या उन्हाळ्यात एका होडीत होती.

"होडीतलं होडीत," अण्णा तेव्हा म्हणाले होते. बारा वर्षांची ताई समोरच्या फळीवर बसली होती, तळहात दोरीने सोललेले. "काय?"

"होडीतलं होडीत," तिने म्हटलं होतं.

अर्धा तलाव मोजून झाला आणि अण्णांचा उजवा खांदा गेला. डाव्या हाताने वल्हं मारता यायचं, लिहिता यायचं, जेवता यायचं. उजवा छातीच्या वर जात नव्हता, आणि एका हाताने वाव होत नाही. मोजणीदाराचा हात गेला हे कळलं असतं तर नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस नेमला असता. म्हणून उरलेला तलाव ताईने मोजला. ती आकडा सांगायची, अण्णा लिहायचे आणि पुढे गोल काढायचे. हे तुझे, म्हणायचे. नंतर बसून माझ्या मापात करून घेऊ.

ते नंतर कधी उजाडलं नाही.

*

"गाळ साठला असेल," ताई म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा. "छत्तीस वर्षं झाली, दादा. कुठलाही तलाव भरतोच."

"गोलात गाळ साठत नाही. म्हणून तर जागा तिथं निवडली! सभेत मी काय सांगितलं? यंत्राने मोजायला शहरातून माणसं बोलवायची गरज नाही, आमच्या अण्णांचा नकाशा आहे. कुणी एक प्रश्न विचारला नाही. एक नाही. अण्णांचं नाव घेतलं आणि सगळे गप्प बसले." त्याने टाय सोडूनच दिला. "मी हे त्यांच्यासाठी केलंय, ताई. माणूस असताना कौतुक करावं. गेल्यावर फोटोखाली भाषणं कोण ऐकतं?"

हे खरं होतं. ताईला त्याचाच त्रास होत होता. दादा बढाईखोर असता, मतलबी असता, तर तिने केव्हाच तोंड उघडलं असतं.

इतका वेळ वहिनी दाराशी उभी होती. दादाची बायको. धक्क्याला नवा कठडा कुणी लावायचा यावरून गेल्या हंगामात भांडण झालं, तेव्हापासून ती ताईला पाण्यात पाहत होती. कामापुरतं बोलायची. आताही दादाकडे बघूनच बोलली.

"वन्संना विचारा, त्यांना आजच कसं आठवलं. तराफा तीन आठवड्यांपासून बांधतायत."

"जागा मला कळली परवा," ताई म्हणाली. "साखळ्या टाकल्या तेव्हा. त्याआधी कुणी विचारलं का मला? कमिटीत बोटशेडवालीला बोलवायची पद्धत नाही."

"आली का गाडी कठड्यावर," धाकटा पुटपुटला.

"तू गप."

"मी गप्पच आहे. मी दोरी गुंडाळतोय." पण त्याचे हात थांबले होते. "दादा, एक सांगू? साखळ्या फार ढिल्या राहिल्यात. पंधरा फुटांच्या बेताने कापून आणल्या होत्या, आणि वर एवढा झोल उरला. मला वाटलं पाणी उतरल्यामुळे असेल. पण दोन फुटांचा झोल एवढा नसतो."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. "आता तूही?"

"मी कुणाकडे नाही. मी साखळीचं सांगतोय."

"अण्णा," दादा खुर्चीपाशी गेला आणि खाली वाकला, कारण अण्णांना एका कानाने कमी ऐकू येई. "अण्णा, तिथलं माप तुमचंच ना? तराफ्याच्या जागेचं?"

अण्णांनी मान वळवली. आधी दादाकडे बघितलं, मग ताईकडे. त्या नजरेत राग नव्हता. विनंतीही नव्हती. आपली वस्तू ठेवायला दिली होती, ती जागेवर आहे ना, एवढंच बघावं तसं बघितलं.

"माझं," अण्णा म्हणाले.

"झालं?" दादा उठला.

झालं नव्हतं. ताईने खिडकीतून बाहेर पाहिलं. काठावर लोक यायला लागले होते. कुणी घडीच्या खुर्च्या उघडत होतं, कुणी पाण्यात पाय घालून बघत होतं. टिटवी धक्क्याच्या टोकाला उभी राहून खांदे फिरवत होती. एकदा पुढून, एकदा मागून, किती सहज. सव्वानऊ फूट. त्यातून तिची उंची वजा केली तर खाली काय उरतं, हे ताईने सकाळी होडीतच काढलं होतं.

"ते माप त्यांचं नाही," ती म्हणाली. "माझं आहे."

तिने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"गोल म्हणजे झरा नाही, दादा. गोल म्हणजे मी. अण्णांचा खांदा त्याच उन्हाळ्यात गेला, आत्ता म्हातारपणी नाही गेला. पश्चिमेचं सगळं पाणी मी मोजलंय. माझ्या हातांनी. बासष्टच्या बासष्ट."

"तू बारा वर्षांची होतीस!"

"हो. तेच सांगतेय."

दादाला ते पोचायला वेळ लागला. वहिनीला लागला नाही. वहिनी दाराची चौकट सोडून आत आली आणि गेल्या हंगामानंतर पहिल्यांदा ताईच्या तोंडाकडे बघून बोलली.

"बाराव्या वर्षी कशा होता तुम्ही? टिटवीसारख्या उंच, की लहानखुऱ्या?"

"लहानखुरी."

"पावणेपाच फूट," वहिनी म्हणाली. "फार तर. मुलीचे सगळे कपडे मी घरी शिवलेत, हात पसरून उभी करून. बारा वर्षांच्या मुलीचे हात पावणेपाचच्या वर जात नाहीत." तिने बोटांवर काहीतरी केलं. "अडीच वेळा पावणेपाच. बारा पण होत नाहीत. त्यातून दोन उतरलंय. बरोबर आहे यांचं. अहो, बरोबर आहे!"

"अण्णा आत्ता काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. उडी अण्णा मारणार नाहीयेत."

"अण्णा!" दादा पुन्हा वाकला. "ही काय म्हणतेय? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते शेवटचं."

अण्णांनी डावा हात उचलून उजव्या मनगटावर ठेवला. "माझं माप आहे," ते म्हणाले. "नकाशावर माझी सही आहे."

ताई डबड्यावर बसली. तिला वाटलं होतं, शब्द मोडल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. छत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली, आणि ज्याची होती त्यानेच ओळख दाखवली नाही. वाईट याचं वाटलं की तिला त्यांचं खोटंसुद्धा कळत होतं. नकाशा दहा शाळांत लागला होता, नगराध्यक्षांच्या खोलीत लागला होता. खांदा गेल्यावर हातात ती सही तेवढी उरली होती.

"मोजू परत," धाकटा म्हणाला. "सगळ्यांसमोर. वाद कशाला?"

"सगळ्यांसमोर?" दादा म्हणाला. "आज? त्यांच्या सत्काराच्या दिवशी, त्यांना खुर्चीत बसवून, त्यांचंच माप तपासायचं?"

तेवढ्यात दार ढकलून टिटवी आत आली, पोहण्याच्या कपड्यांवर टॉवेल, पायांचे ओले ठसे फरशीवर.

"तुम्ही सगळे इथं काय कट करताय? तिकडे फोटोवाला विचारतोय." कुणी बोललं नाही हे तिला जाणवलं, पण ती त्या वयाची होती, जाणवलं तरी थांबायचं नसतं. ती थेट खुर्चीपाशी गेली. "आजोबा, सूर मारू ना मचाणाच्या टोकावरून? की आधी एक साधी मारू, पाय खाली सोडून? बाबा म्हणतात सूर."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओल्या केसांकडे, गळ्याकडे, मानेच्या मागच्या त्या नाजूक हाडाकडे बराच वेळ बघितलं.

"गोलात नको," ते म्हणाले.

"काय?"

"गोल आहे तिथं नको मारू. टिंब आहे तिथं मार."

टिटवीने आत्याकडे बघितलं, मग बापाकडे. "म्हणजे काय?"

वहिनीने टॉवेलाची टोकं तिच्या गळ्याशी घट्ट ओढून घेतली आणि तशीच धरून ठेवली.

दादा हळूहळू दुसऱ्या डबड्यावर टेकला. टायची दोन्ही टोकं छातीवर लोंबत होती. तो नकाशाकडे बघत होता.

"आणि झरे?" तो म्हणाला.

"कुठले झरे?" अण्णांनी विचारलं.

"बासष्ट झरे, अण्णा."

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. ते खरोखरच बुचकळ्यात पडलेले दिसले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तुला नाव आवडलं म्हणून ठेवलंस."

पहिल्यांदा धाकटा फुटला. त्याने तोंडावर हात दाबून धरला, पण खांदे हलायला लागले. मग वहिनी. "ते सांधेदुखीवाले," ती म्हणाली, "एकेचाळीस नंबरचे..." आणि तिला पुढचं बोलताच येईना. ताईलाही हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने जाकिटाच्या बाहीने पुसलं. दादा एकटा हसला नाही. पण उठून गेलाही नाही. एरवी तो उठून गेला असता.

"आई म्हणायची ना, या घरात ताईला वाव मिळाला नाही," धाकटा श्वास घेत म्हणाला. "मिळाला होता, आई. पण पावणेपाच फुटांचा."

"पुरे," ताई म्हणाली.

*

साडेदहा वाजता काठावरच्या लोकांनी पाहिलं ते असं : सहा पायडल बोटी, त्यातल्या दोन बदकाच्या आकाराच्या, उडीच्या तराफ्याला दोर बांधून तलावाच्या पूर्व भागाकडे ओढत नेत होत्या. साखळ्या सोडून ठोकळे तळाशीच टाकले होते. पहिल्या बदकात धाकटा आणि फोटोवाला. दोघंही जीव खाऊन पाय मारत होते. कमिटीचे तिघे दुसऱ्यात. हा कार्यक्रमाचाच भाग आहे अशी लोकांची समजूत झाली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आइसक्रीमवाल्याने "टिंग टिंग" करून ठेका धरला.

दादाने धक्क्यावरून भोंगा तोंडाला लावला. आता तो काय बोलतो, या धास्तीने धक्क्याशी होडीत बसलेल्या ताईने वल्हं उचललंच नाही.

"नमस्कार," भोंग्यातून आवाज आला. मग बराच वेळ नुसती खरखर. "तराफ्याची जागा बदलतोय. जागा निवडताना चूक झाली. चूक माझी आहे. नकाशा मी नीट वाचला नव्हता." पुन्हा खरखर. "अण्णांनी आज सकाळी दाखवून दिलं. पाच मिनिटं थांबा."

हे पुरतं खरं नव्हतं. पुरतं खोटंही नव्हतं. तेवढ्या फटीतून त्याने बापाला सुखरूप बाहेर काढलं होतं, आणि तिला मात्र आतच ठेवलं होतं. ताईला ते दिसलं. लागलंही. दादासारखा माणूस एका सकाळीत किती सोडणार, असं म्हणून तिने होडी सोडली.

होडी खुर्चीजवळून गेली. खुर्ची आता पाण्याच्या कडेला आणून ठेवली होती. अण्णा सकाळपासून तिच्याशी बोलले नव्हते.

"ताई."

तिने वल्हं थांबवलं.

"दोरी आधी भिजवून घे. कोरडी दोरी ओली झाली की आखडते."

"भिजवलीय, अण्णा."

"किती वेळ?"

"पहाटेपासून पाण्यातच आहे."

अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा तलावाकडे बघायला लागले. एवढंच.

पूर्वेच्या पाण्यात तराफा थांबला. बोटींचे चार नांगर चार बाजूंना सोडले. ताई फळ्यांवर चढली, कडेला गुडघे टेकून गोळा सोडला. दोरी हातातून सरकत गेली, सरकत राहिली, मग ढिली पडली. तिने ती ताणून धरली, पाण्याच्या रेषेवर चिमूट पकडली आणि उभं राहून वर ओढली. मग हात पसरले. एवढ्या लोकांसमोर तिने कधी हात पसरले नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मळकं जाकीट, काखेत ओल.

"एक," ती म्हणाली. दोरी सरकवली. "दोन."

दादा शेजारच्या पायडल बोटीत बसला होता, गुडघ्यावर वही घेऊन. बुटांत पाणी गेलेलं. बोटीत तो कधी बसत नसे, त्याला मळमळायचं.

"तीन," ताई म्हणाली. "बरोबर तीन."

"कुणाचे?" दादाने विचारलं.

"माझे."

"तुझा वाव किती आता?"

"पाच फूट चार."

त्याने मनात गुणाकार केला. ओठ हलताना तिला दिसले. "सोळा." त्याने लिहिलं. मग पेन्सिल तशीच कागदावर धरून बसला. "पुढे काय करू? टिंब की..."

"ताई असं लिही. आणि पाच फूट चार. नाहीतर परत कुणीतरी गेस्टहाऊस बांधेल."

दादाने मान खाली घालून लिहिलं. अक्षरं काढायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. बोट हलत होती. मग वही बंद केली, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं.

"टोप्यांचं काय करू गं?" तो म्हणाला. "गोदाम भरून टोप्या आहेत."

मचाणावर टिटवी टोकाशी येऊन उभी राहिली. तिने खाली आत्याकडे बघितलं. ताईने मान हलवली. टिटवीने हात वर नेले, टाचा उचलल्या, आणि काठावर कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं.

*

छत्तीस वर्षांपूर्वी ती मोजणी संपली त्या दिवशी गुरुवार होता. ताईची शाळा सुरू होऊन अकरा दिवस झाले होते.